श्वास न घेणारा अल्बम

क्योतो
१४ एप्रिल २०१७

मामांना नमस्कार.

पत्राच्या सुरुवातीला हवापाण्यावर दोन ओळी लिहायची आपली रीत. पण हवा ज्याची त्याला खिडकीतून दिसते, असं तुम्हीच एकदा म्हणाला होतात. तेव्हा ते सोडून देते.

मला नोकरी लागली. गाण्यांच्या डिस्क विकणारं दुकान आहे, लाँड्रीच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. नाव ‘डबकं’. मालक कुसाकाबे-सान. इथलं माझं काम म्हणजे नवा अल्बम आला की ऐकायचा, तळहाताएवढ्या कार्डावर आपल्या हाताने मत लिहायचं आणि ते त्या अल्बमखाली लावायचं. असली कार्डं सगळ्याच दुकानांत असतात, पण कुसाकाबेंचा त्यांच्यावर फार जीव. माझं पहिलं कार्ड चिमटीत धरून म्हणाले, “‘सुंदर अल्बम, जरूर ऐका.’ चिगुसा-सान, हे मत आहे की औषधाच्या बाटलीवरची सूचना?” तीन महिन्यांत सुधारणा दिसली नाही तर दुसरं कुणी बघणार आहेत.

मला ऐकू सगळं येतं हो. लिहिता येत नाही. तुम्ही बोटीवरून सुट्टीला यायचात, तुमच्या त्या मोठ्या लाकडी स्पीकरवर माझा हात ठेवायचात आणि म्हणायचात, “आधी हाताला विचार, मग कानाला.” आणि स्वयंपाकघरातून आई ओरडायची, “दादा, पोरीला बहिरी करून सोडशील!” आईला जाऊन तीन वर्षं झाली, तरी नवी डिस्क लावली की तो आरडाओरडा मला अजून ऐकू येतो.

तुम्हाला फोन लावला तर नंबरच बंद. बरे आहात ना? सोबत एक नवी डिस्क पाठवतेय. साप्पोरोच्या चार पोरांचा बँड आहे, नाव ‘जिन्याखाली’. तुमचं मत कळवा. इथे दुकान सुटल्यावर माझ्याशी बोलायला कुणी नाही.

तुमची
चिगुसा

*

ओकी बेट
२७ एप्रिल

चिगुसा,

फोन मीच काढून टाकला. विमेवाले फार सतावतात. मी ठणठणीत आहे.

तुझी पोरं ऐकली. ड्रमवाल्याला शेवटची बोट गाठायची घाई आहे. बास वाजवणारा मात्र थोराड, तो त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढतो. अख्खा अल्बम ही दोघांची झटापट आहे आणि तीच खरी मजा आहे. गाणारा काय गातो ते कागदावर छापलंय. मुलगी सोडून गेली म्हणून एवढं रडतो, पण दुसऱ्या गाण्यात तीच मुलगी भात चांगला शिजवत नाही अशी तक्रार करतो. मग जाऊ दे की तिला! चौथ्या गाण्यात ड्रम आणि बास एकदम थांबतात. तिथे माझ्या छातीत धस्स झालं. इंजिन समुद्रात मधेच बंद पडलं की अगदी असं होतं. तेवढ्यासाठी अल्बम घ्यावा.

पाकीट आलं तेव्हा मी माकूळ साफ करत होतो. तसाच, हात न धुता उठलो, म्हणून तुझ्या पाकिटाला अजून वास येतोय. तुझी आई, मित्सुए गेल्यापासून माझ्या दारात पोस्टवाल्या इवाकी-सान सोडून कुणी येत नाही, आणि त्याही बिलं घेऊन येतात. दर महिन्याला एक पाठवत जा. मी मत कळवीन. एवढं मात्र थांबवू नकोस.

तोमेजी मामा

*

क्योतो
२० मे

मामांना नमस्कार.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. एकदा तर कामाला जाताना बसमध्ये हसले, शेजारच्या बाई सरकून बसल्या.

माझी कार्डं सुधारली म्हणे. कुसाकाबे तोंडावर कौतुक करत नाहीत, पण परवा त्यांनी मला स्वतःच्या डब्यातलं अंडं दिलं.

या वेळी इलेक्ट्रॉनिक आहे. फुकुओकाच्या एका बाईंनी घरातला फ्रीज, पंखा, कपडे धुण्याचं यंत्र यांचे आवाज पकडून त्यांवरच अल्बम केलाय. दुकानात कुणी हात लावत नाही. मत जरा लवकर पाठवाल का? म्हणजे महिनाअखेरीच्या आत. आणि हो, लांब लिहा.

एक विचारू? तुम्ही चालीबद्दल काहीच लिहीत नाही. ‘जिन्याखाली’च्या पहिल्या गाण्याची चाल माझ्या डोक्यातून जात नाही, तुमच्या जाते?

चिगुसा

*

ओकी
२९ मे

चिगुसा,

चालीचं काय घेऊन बसलीस. चाल कुणीही गुणगुणतं. खाली काय चाललंय ते बघावं, मी जन्मभर बोटीच्या पोटात राहिलेला माणूस.

बाई हुशार आहे. फ्रीजवर पाच मिनिटं काढायची म्हणजे धीर लागतो. एकट्या माणसाच्या घरात फ्रीज हाच बोलका प्राणी असतो, हे तिला ठाऊक दिसतंय. पण सहाव्या गाण्यातल्या कपडे धुण्याच्या यंत्राचं बेअरिंग गेलंय. दर तिसऱ्या फेरीला घसरतं. तिला कळव, नाहीतर एक दिवस अंगणात पाणी होईल. अल्बम चांगला, यंत्र दुरुस्त करण्याच्या लायकीचं.

ऑगस्टमध्ये पितरांच्या सणाला येते म्हणतेस असं वाटतंय, तुझ्या पत्राच्या शेवटी तसं काहीतरी खोडलेलं दिसलं. येऊ नकोस. बोटींना फार गर्दी असते, शिवाय छप्पर गळतंय. मित्सुएच्या फोटोपुढे तुझ्या वाटचा दिवा मी लावीन. डिस्क पाठव, ती गर्दीत चेंगरत नाही.

मामा

*

क्योतो
३ सप्टेंबर

मामांना नमस्कार.

तुम्ही येऊ नको म्हणालात म्हणून आले नाही. सणाचे तीन दिवस दुकान बंद होतं आणि माझ्या खोलीत खरंच फ्रीजच काय तो बोलत होता. तुमचं बरोबर निघालं.

जून-जुलैच्या दोन्ही पत्रांबद्दल आभार. कपडे धुण्याच्या यंत्राचा अल्बम तर आमच्याकडे संपला! कुसाकाबेंनी मला कायम केलं. नव्या अल्बमांची आख्खी भिंत आता माझ्याकडे आहे.

या वेळी हिप हॉप. कावासाकीचा सेकिया नावाचा पोरगा, दिवसा डबे भरण्याच्या कारखान्यात उभा असतो आणि तिथल्याच गोष्टी रॅपमध्ये सांगतो. शिव्या आहेत, कान झाकू नका. मत लवकर हं.

चिगुसा

*

ओकी
११ सप्टेंबर

चिगुसा,

शिव्यांचं मला सांगू नकोस, मी एकतीस वर्षं इंजिनघरात काढली आहेत. त्यातल्या दोन तर मला नव्याने कळल्या, लिहून ठेवल्यात.

काय घसा आहे पोराचा! खरवडून खरवडून बोलतो. भात दाबायचा, मासा ठेवायचा, झाकण लावायचं, पुढचा डबा. त्याचा तो मुकादम मला भेटला तर मीच बघून घेईन. आणि एक गोष्ट मी आजवर कुठल्या गाणाऱ्याची पाहिली नाही. चाळीस मिनिटं हा पोरगा श्वास घ्यायला थांबत नाही. मी दोनदा लावून पाहिलं. कुठेही नाही. मासा पाण्याखालून जावा तसा सलग जातो, आणि शेवटी हळूहळू, कुणाला न सांगता निघून जातो. असला अल्बम मी पाहिला नव्हता. तिसऱ्यांदाही लावला, मतासाठी नाही, माझ्यासाठी.

थंडी पडायच्या आत आणखी एक पाठव.

मामा

*

क्योतो
८ ऑक्टोबर

मामा,

तुम्ही ती डिस्क ऐकलीच नाही.

काय झालं ते नीट सांगते. आमच्याकडे गिऱ्हाइकाला ऐकायला यंत्र असतं. डिस्क काढून त्यात घालतो, रिकामी डबी बाजूला ठेवतो आणि नंतर डिस्क परत डबीत जाते. त्या दिवशी माझ्यापुढे दोन डब्या उघड्या होत्या, सेकियाची आणि ‘मिठागर’ची. ‘मिठागर’ म्हणजे ताइनानची बहीणभाऊ जोडी, इलेक्ट्रॉनिक. दोन्ही डिस्कवर नाव छापलेलं नव्हतं, मी अदलाबदल केली. काल होरिउचि-बाई आल्या. पियानो शिकवतात, झोप यावी म्हणून त्यांनी ‘मिठागर’ नेली होती. डबी काउंटरवर ठेवून म्हणाल्या, “अहो, डोळे मिटून पडले आणि एक माणूस चाळीस मिनिटं माझ्यावर खेकसत होता!” कुसाकाबे हसून हसून खाली बसले. मला हसू आलं नाही, कारण सेकियाची डिस्क त्यांच्याकडे होती, तर तुमच्याकडे कुठली?

तुमच्याकडे ‘मिठागर’ आहे, मामा. तिच्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत माणसाचा आवाजच नाही. आणि तुम्ही मला घशाबद्दल लिहिलंत!

शब्दांचा कागद वाचून तुम्ही मत ठोकून दिलंत. याआधीचीही तशीच का? मी दर महिन्याला ती डबी कागदात गुंडाळताना काय विचार करते तुम्हाला माहीत नाही. आई गेल्यावर जगात एक तरी माणूस मी पाठवलेलं ऐकतो, असं मला वाटायचं. तुम्हाला नको होत्या तर सांगायचं होतंत. मी बोलायला आणखी कुणाला शोधलं असतं.

आता पाठवणार नाही. त्रास दिला, माफ करा.

चिगुसा

*

ओकी
१९ नोव्हेंबर

चिगुसा,

याआधी तीन पत्रं लिहिली, तिन्ही शेगडीत गेली. हे टाकायला इवाकी-सान दारात उभ्या आहेत, म्हणजे आता जाळता येणार नाही.

मला ऐकू येत नाही.

डावा कान चार वर्षांपूर्वी गेला, उजवा गेल्या वर्षी फेब्रुवारीत. मात्सुए शहरातल्या डॉक्टरांनी मला ते कागदावर लिहून दाखवलं. कानातलं यंत्र लावून पाहिलं, नुसती खरखर. एकतीस वर्षांच्या इंजिनाने आपलं भाडं वसूल केलं. मित्सुए ओरडायची ते तुझ्याऐवजी मला लागू पडलं. फोन विमेवाल्यांमुळे काढला नाही. तुला सणाला येऊ दिलं नाही, कारण तू दारातून हाक मारली असतीस आणि मी पाठमोरा बसून राहिलो असतो. छप्पर गळत नाही.

तुला का नाही सांगितलं? बहिऱ्या म्हाताऱ्याला गाण्यांच्या डिस्क कोण पाठवतं? डिस्क थांबल्या की पत्रं थांबणार. तू वाईट आहेस म्हणून नव्हे, पत्रं अशीच थांबतात, लोकांना कामं असतात. मला भीती वाटली. एवढंच खरं आहे.

पण ऐकलं नाही असं म्हणू नकोस. इंजिनघरात कान कुणाच्याच उपयोगाचे नसतात. तिथे हात ठेवतात. पाइपवर, झाकणावर, आणि कुठे काय बिघडलंय ते कळतं. मी प्रत्येक डिस्क लावली, त्या लाकडी स्पीकरच्या अंगावर दोन्ही हात ठेवले, मांडीवर शब्दांचा कागद ठेवला. ड्रमवाल्याची घाई माझ्या हाताने पाहिली आहे. बेअरिंगसुद्धा. चाल हाताला लागत नाही, म्हणून चालीबद्दल लिहिलं नाही.

आता त्या डिस्कचं. घसा, खरवडणं, तो सगळा कागदावरचा मालमसाला. तिथे मी खोटं बोललो, कबूल. पण गाणारा माणूस असला की मधे मधे हाताखाली खळगा पडतो, तो श्वास घेतो तिथे. या डिस्कला एकही खळगा नव्हता. मी म्हटलं, काय फुप्फुसं आहेत पोराची! दोनदा लावून पाहिलं ते खरं. तिसऱ्यांदा लावलं तेही खरं. श्वासाचं जे लिहिलं ते माझ्या हाताने ऐकलेलं होतं, चिगुसा.

इवाकी-सान घड्याळ दाखवताहेत. डिस्क नको पाठवूस. पत्र पाठव.

तोमेजी मामा

*

क्योतो
२ डिसेंबर

मामांना नमस्कार.

तुमचं पत्र काउंटरवर उभ्यानेच वाचलं. मग आतल्या खोलीत जाऊन रडले. कुसाकाबे दारात येऊन म्हणाले, “अल्बम एवढा वाईट आहे का?” म्हणून तिथेही रडत राहता आलं नाही.

आता माझी पाळी. ‘डबकं’मधली कार्डं माझी नाहीत. मे महिन्यापासून एकही नाही. शेवटच्या बोटीची घाई, ज्याला अंड्याचं बक्षीस मिळालं ते कार्ड, फ्रीज, बेअरिंग, सगळं तुमच्या पत्रातलं उतरवलेलं. म्हणून मत लवकर पाठवा, लांब लिहा म्हणायचे. मी कायम झाले ती तुमच्या जिवावर, आणि तुम्हाला मात्र खोटारडे म्हणून मोकळी झाले. ‘चाळीस मिनिटं श्वास घ्यायला थांबत नाही’ हे वाक्य सेकियाच्या डिस्कखाली सप्टेंबरपासून लागलं होतं. परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, “हा तर दर दोन ओळींना धापा टाकतो.”

तुमचं पत्र वाचल्यावर मी ‘मिठागर’ लावली आणि हात स्पीकरवर ठेवला. आठ वर्षांची असताना ठेवायचे तसा. खळगा नाही, मामा. कुठेही नाही. मला कानाने ते कळलंच नव्हतं.

ते कार्ड मी काढून ‘मिठागर’खाली लावलं. खाली लिहिलं, ‘तोमेजी, ओकी बेट, बोटीच्या इंजिनघरातून निवृत्त.’ कुसाकाबेंना सगळं सांगितलं. काढून टाकतील असं वाटलं होतं. त्यांनी भिंतीवरची कार्डं एकेक करून पुन्हा वाचली, मग म्हणाले, “बाकीच्या कार्डांखालीही त्यांचं नाव घाल. आणि उद्यापासून तुझं तू लिही, वाईट असलं तरी चालेल.”

म्हणून पहिलं तुम्हाला लिहितेय. डिस्क तुमच्याकडे आहेच. सोबत नऊ पानं आहेत, एका गाण्याला एक. हाताला लागत नाही तेवढंच लिहिलंय, म्हणजे चाल. फार बरं जमलेलं नाही. पाचवं गाणं मला कंटाळवाणं वाटलं, तसं लिहिलंय. तिसऱ्याचं मात्र सांगते. आई भांडी घासताना जे गुणगुणायची, वर वर जाऊन शेवट न करताच सोडून द्यायची, ते त्या गाण्यात आहे. ताइनानच्या त्या दोघांना आपली आई कुठून माहीत असणार, पण आहे.

नववर्षाला मी येते. हाक मारणार नाही, सरळ आत येईन.

चिगुसा

*

ओकी
७ जानेवारी २०१८

चिगुसा,

समुद्राने यंदा हद्द केली. एकोणतीस तारखेपासून चार दिवस बोट नव्हती. बंदरावर तू दोन दिवस बाकावर काढलेस आणि तशीच परत गेलीस, हे तुझं कार्ड परवा आलं तेव्हा कळलं. मी तुझ्यासाठी शंखांची करी केली होती. दोन दिवस एकट्याने खाल्ली, तिसऱ्या दिवशी इवाकी-सानना दिली.

तुझी नऊ पानं मात्र वादळाच्या आधीच्या बोटीने आली होती. एक तारखेला सकाळी आंघोळ करून, चांगले कपडे घालून स्पीकरपुढे बसलो. पानं मांडीवर. एक हात स्पीकरवर, दुसरा ओळीवर.

पाचव्या गाण्याबद्दल तुझं मत साफ चूक आहे. तो अख्ख्या अल्बममधला सगळ्यात भक्कम तुकडा आहे. खाली एक संथ ठोका आहे, तो जराही ढळत नाही. तुला वरचं ऐकू येतं म्हणून खालचं सुटतं. कार्डावर तसलं काही लिहू नकोस, लोक हसतील.

तिसरं पान मी सावकाश वाचलं. मित्सुए आली. ओला हात, पाठ माझ्याकडे, वर वर जाणारी ती चाल. तू लिहिलंयस तशीच, शेवट न करता सोडून देणारी. जवळजवळ दोन वर्षांत मला कसलाही आवाज आला नव्हता, तो त्या पानात आला. मग पान संपलं. हाताखाली गाणं चालूच होतं, अजून चांगलं दोन मिनिटं. मी पान उलटून पाहिलं, मागे कोरं होतं. ती गेली आणि घरात पुन्हा मी एकटा. हात काढला नाही, गाणं थांबेपर्यंत तसाच बसून राहिलो.

पुढच्या वेळी जरा लांब लिही.

तोमेजी मामा